जान या नावाचे दप्तर

फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या पॅरिशची सतराव्या किंवा अठराव्या शतकातली बाप्तिस्म्याची वही कोणी उघडून बसला, तर पानामागून पाने उलटताना मोजकीच नावे त्याला पुन्हा पुन्हा भेटत राहतील. मुलींच्या बाबतीत तर मारी, जान, आन, कातरीन, फ्रांस्वाज आणि मार्गरीत एवढ्या पाचसहा नावांवरच पंचक्रोशीचा निर्वाह होत असे, आणि त्यांत मारीच्या खालोखाल मान बहुधा जान या नावाचा असे. शेतकऱ्याची नवजात मुलगी जान, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर घेऊन उभी राहणारी धर्ममाता जान, आणि ज्या सरदाराच्या जहागिरीत ते गाव मोडत असे त्याची पत्नीही अनेकदा जानच. संत योहानाच्या नावाचे हे स्त्रीरूप. त्या संताचा २४ जूनचा सण फ्रान्सच्या खेड्यांत रात्री मोठाल्या होळ्या पेटवून साजरा होत आला आहे, आणि गोव्यात त्याच दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या घेतात तो सांजांवही ह्याच संताचा. आपल्याकडे बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान जसा आत्याचा, तसा तिकडे मुलीला नाव देण्याचा मान धर्ममातेचा असे, आणि ती बहुतकरून आपलेच नाव देई; त्यामुळे एकदा एखाद्या गावात हे नाव रुजले, की ते पिढ्यान्‌पिढ्या तिथून हलत नसे.

१५३९ साली पहिल्या फ्रांस्वा राजाने व्हिलेर-कोत्रे येथून जे विख्यात फर्मान काढले, त्याने न्यायालयांचा व्यवहार लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत आणला आणि त्याबरोबरच पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांची नोंद ठेवावी असा शिरस्ता घालून दिला. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने संतांच्या नामावलीबाहेरची नावे ठेवण्याचा मार्ग आणखी अरुंद केला. लक्षावधी जान या वह्यांत जन्मल्या आणि या वह्यांतच मेल्या. त्यांच्याविषयी दोन तारखांपलीकडे काही उरले नाही. परंतु ज्या थोड्या जणी इतिहासाच्या उजेडात आल्या, त्यांचे कागद शोधू लागल्यावर एक गोष्ट पदोपदी प्रत्ययास येते: त्यांच्या हातून जे घडले ते जवळजवळ नेहमी दुसऱ्याच कोणाच्या लेखणीतून उतरलेले आहे, आणि ती लेखणी कधी न्यायाधीशाच्या कारकुनाची, कधी जहाजाच्या कप्तानाची, कधी वैरी दुभाषाची, तर कधी खुद्द राजाची आहे. मला या नावाचा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो ह्या कारणासाठी.

राजघराण्यापासून आरंभ करावा, कारण लेखणीला आज्ञा करणारी एक जान तिथे आहे. नाव्हारची राणी जान ही चौथ्या फिलिप राजाची पत्नी. १३०५ साली ती निवर्तली तेव्हा पॅरिसमधील आपला वाडा आणि उत्पन्न गरीब विद्यार्थ्यांच्या विद्यालयाकडे लावून देण्याची व्यवस्था तिने मृत्युपत्रात केलेली होती, आणि कोलेज द नाव्हार हे विद्यापीठातले नामांकित विद्यालय त्यातून उभे राहिले. नवव्या लुई राजाबरोबर धर्मयुद्धात गेलेला वृद्ध सरदार ज्वाँव्हील याने त्या संत राजाचे जे चरित्र लिहिले, तेही या राणीच्याच विनंतीवरून. ग्रंथ पुरा होईपर्यंत ती जिवंत राहिली नाही, म्हणून तो तिच्या मुलाला, पुढच्या दहाव्या लुईला, अर्पण झाला. याच दहाव्या लुईची मुलगी, आजीचेच नाव ल्यालेली दुसरी जान, ही मात्र फ्रान्सच्या राज्यव्यवस्थेतल्या एका फार मोठ्या अन्यायाचा पहिला बळी ठरली. १३१६ च्या जून महिन्यात लुई मरण पावला, त्याच्या मागे जन्मलेला मुलगा पाच दिवस जगला, आणि गादीचा सरळ वारसा उरला तो ह्या जेमतेम पाच वर्षांच्या मुलीकडे. तिच्या चुलत्याने घाई करून १३१७ च्या जानेवारीत स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि पुढल्याच महिन्यात सरदार, धर्माधिकारी व विद्यापीठातले पंडित यांच्या सभेकडून फ्रान्सच्या गादीवर स्त्रीचा हक्क पोहोचत नाही असा निर्णय मिळवला. त्या निर्णयाला सालिक कायद्याचे प्राचीन वस्त्र पांघरण्याचे काम नंतरच्या काळातल्या कायदेपंडितांनी केले. मुळात तो एका लहान मुलीच्या वारशाचा अपहार होता. मुलीकडून वारसा चालत नाही हे तत्त्व १३२८ साली पुन्हा लागू केले गेले, इंग्लंडचा तिसरा एडवर्ड आईच्या बाजूने फ्रान्सवर हक्क सांगू लागला, आणि त्यातून शंभर वर्षांचे युद्ध पेटले. त्याच धामधुमीत ब्रिटनीच्या गादीसाठी दोन पक्ष लढले, आणि दोन्ही पक्षांच्या आघाडीला जान नावाच्याच दोन स्त्रिया उभ्या राहिल्यामुळे लोक आजही त्या लढाईला दोन जानांचे युद्ध म्हणतात.

ज्या युद्धाच्या मुळाशी एका जानचा हिरावलेला वारसा होता, त्या युद्धाचे पारडे फिरवणारीही जानच निघाली. मराठी वाचक तिला इंग्रजीच्या वाटेने जोन ऑफ आर्क म्हणून ओळखतो, आणि झांशीच्या राणीशी तिची तुलना आपल्याकडे कित्येक दशके होत आली आहे. तिची कीर्ती इतकी मोठी आहे, की ऑर्लेआँचा वेढा ८ मे १४२९ रोजी कसा उठला, १७ जुलैला रीम्स येथे सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक कसा झाला, आणि पुढच्या वर्षी २३ मे रोजी कोंपिएन्यच्या वेशीबाहेर ती शत्रूच्या हाती कशी पडली, हे येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्याविषयीचे कागद मात्र थांबून पाहण्याजोगे आहेत.

२१ फेब्रुवारी १४३१ रोजी रूआँ येथे बोव्हेचा बिशप कोशों याने तिची पहिली जाहीर तपासणी सुरू केली, तेव्हा शिरस्त्याप्रमाणे प्रथम तिचे नाव विचारण्यात आले. तिने सांगितले ते असे, की आपल्या मुलखात आपणास जानेत म्हणत आणि फ्रान्सात आल्यापासून जान म्हणतात. दोम्रेमी हे तिचे गाव म्यूज नदीच्या काठी, राज्याच्या अगदी सरहद्दीवर. तिथल्या लेकराला राजाच्या दरबारापर्यंतचा प्रदेश परका वाटे, आणि घरचे लाडके नाव त्या सरहद्दीपाशीच गळून पडले. धर्ममातांची नावे विचारली असता तिने आन्येस, जान आणि सिबील अशी तीन सांगितली. पंचवीस वर्षांनी तिच्या निर्दोषत्वाची चौकशी झाली तेव्हा गावकऱ्यांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या, आणि त्यांत जानेत नावाच्या ज्या बायका पुढे आल्या त्यांतल्या दोघींनी आपण तिच्या धर्ममाता असल्याचे सांगितले. गावाने आपले नाव तिला कसे दिले होते, याचा ह्याहून जवळचा पुरावा मिळणे कठीण.

अ किंवा ब आपल्याला कळत नाही, असे ती म्हणे. तरीसुद्धा १४२९ च्या नोव्हेंबरात रिओम शहराच्या नागरिकांना तिने जे पत्र पाठवले, त्याच्या तळाशी तिची सही आहे. पत्र कारकुनाने लिहिलेले. मजकूर ला शारितेच्या मोहिमेसाठी दारू, सोरा, गंधक, बाण आणि बळकट धनुष्ये पाठवण्याविषयीचा, म्हणजे कोणत्याही सरदाराच्या छावणीतून निघावा तसा. पण त्याखालचे नाव, जुन्या पद्धतीप्रमाणे मध्ये ‘ह’ घालून लिहिलेले, वेड्यावाकड्या अक्षरांत उतरले आहे. ज्या हाताने निशाण पेलले त्या हाताला लेखणीचा सराव नव्हता हे प्रत्येक वळणावर दिसते. पुढच्या वर्षाच्या मार्चमध्ये रीम्सकरांना गेलेल्या दोन पत्रांखालीही तिची सही आहे, आणि ह्या तिन्हींवरून एवढे निश्चित होते, की युद्धाच्या त्या गर्दीत ही शेतकऱ्याची मुलगी आपले नाव लिहायला शिकत होती.

ह्या सहीला पुढे दारुण अर्थ प्राप्त झाला. २४ मे १४३१ रोजी सेंत-उआँच्या स्मशानभूमीत, जल्लाद समोर उभा असताना, तिच्याकडून पश्चात्तापाच्या कागदावर निशाणी करून घेण्यात आली. तिला वाचून दाखवलेला कागद सहासात ओळींचा होता असे प्रत्यक्षदर्शी लोकांनी नंतरच्या चौकशीत शपथेवर सांगितले, आणि खटल्याच्या अधिकृत दप्तरात जो कागद लावलेला आहे तो मात्र कितीतरी पट लांब आहे. हा पालट कोणी केला याचा पुरावा कोणी मागे ठेवणार नव्हता. परंतु मसुदा एक आणि महजर दुसरा, असा हा व्यवहार झाला यात मला संशय वाटत नाही. सहा दिवसांनी, ३० मे रोजी, रूआँच्या जुन्या बाजारात तिला जाळण्यात आले. मांशों नावाचा जो कारकून खटल्याचे फ्रेंच टिपण रोज लिहीत होता, त्याने पुढे सांगितले आहे, की न्यायाधीश आपल्याला लॅटिनमध्ये तिच्या उत्तरांचे शब्द बदलून लिही म्हणून दटावीत असत. त्याने आपले टिपण जपून ठेवले, म्हणून आज आपण तिची उत्तरे वाचू शकतो. १४५५ च्या नोव्हेंबरात तिची वृद्ध आई इझाबेल पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरात फिर्याद घेऊन उभी राहिली आणि ७ जुलै १४५६ रोजी जुना निवाडा रद्द ठरला. जिवंतपणी तिच्यावर एका स्त्रीनेही लिहिले होते: ऑर्लेआँच्या विजयानंतर तीनच महिन्यांत, १४२९ च्या जुलैअखेर, मठात राहणाऱ्या क्रिस्तीन द पिझां या कवयित्रीने तिच्यावर दीर्घ काव्य रचून पुरे केले. शत्रूच्या दप्तराच्या राशीत एवढा एकच समकालीन स्त्रीहस्त आहे, आणि तो तिला ओळखतो.

कोशों ज्या बोव्हे शहराचा बिशप होता, त्याच शहरात पुढच्याच पिढीत आणखी एक जान उदयास आली. १४७२ च्या जूनमध्ये बरगंडीचा चार्ल्स बोव्हेवर चालून आला. शहरात फौज थोडी. बायकामुलांनी तटावर दगड, उकळते पाणी आणि पेटते पलिते पोहोचवले, आणि २७ जूनला एक शिपाई तटावर निशाण रोवीत असताना जान लेने नावाच्या मुलीने हातातल्या कुऱ्हाडीने त्याला खाली लोटले व ते निशाण हस्तगत केले. तिचे आडनाव काही लेखक वेगळे सांगतात. लोकांनी तिला त्या कुऱ्हाडीवरूनच जान हाशेत केले आणि तेच नाव टिकले. अकराव्या लुई राजाने १४७४ साली तिच्या व तिच्या नवऱ्याच्या नावे करमाफीची सनद दिली, आणि शहराच्या विजयोत्सवाच्या मिरवणुकीत स्त्रियांनी पुरुषांच्या पुढे चालावे असा हुकूम केला. मानापानाच्या पायऱ्यांवर सगळा समाज उभा होता त्या काळी मिरवणुकीतली जागा ही लहान गोष्ट नव्हती. अशा समाजात राजाच्या लेखणीने हा क्रम फिरवला, आणि बोव्हेकरांनी तो आजतागायत जतन केला, हे मला तटावरच्या पराक्रमाइतकेच मोलाचे वाटते.

सोळाव्या शतकातली जान दाल्ब्रे, नाव्हारची राणी आणि चौथ्या हेन्रीची आई, हिला मी येथे थोडक्यातच निरोप देतो. १५६० च्या नाताळात तिने उघडपणे प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, आणि तिच्या आश्रयाने १५७१ साली बास्क भाषेत नवा करार छापला गेला. ज्या लोकांच्या बोलीला धर्मग्रंथ नव्हता त्यांना तो मिळाला. पॅरिसमधील प्रोटेस्टंटांची भयंकर कत्तल तिच्या मृत्यूनंतर अवघ्या अडीच महिन्यांत झाली.

अठराव्या शतकात हे नाव समुद्रापार गेले. बरगंडीतल्या ला कोमेल गावी १७४० साली जन्मलेली जान बारे ही फिलिबेर कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाची घर सांभाळणारी आणि पुढे त्याच्या कामातली सोबतीण. बूगँव्हील याच्या पृथ्वीप्रदक्षिणेवर कोमेर्सोंची नेमणूक झाली, आणि नौदलाच्या नियमांप्रमाणे जहाजावर स्त्रीला मज्जाव असल्यामुळे ती पुरुषी पोशाखात त्याचा नोकर बनून एतुआल जहाजावर चढली. १७६७ च्या फेब्रुवारीत जहाज रोशफोरहून निघाले. मागेलानच्या सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांवर अन्नसामग्री, हत्यारे आणि वनस्पती दाबून ठेवण्याच्या जाडजूड वह्या वाहत ती ज्या धीराने चालत असे, त्याची साक्ष खुद्द बूगँव्हीलने आपल्या प्रवासग्रंथात दिली आहे. कोमेर्सोंचा पाय दुखरा. चढणीवरचे बरेचसे काम तिच्याच वाट्याला येई. रिओ दे जानेरोच्या परिसरात ह्या दोघांच्या मुक्कामात जी रंगीत वेल गोळा केली गेली तिला कप्तानाचे नाव मिळाले, आणि आज पुण्यानागपुराच्या कोणत्याही बंगल्याच्या कुंपणावर डवरणारी बोगनवेल ती हीच. १७६८ च्या एप्रिलमध्ये ताहितीच्या बेटावर पाऊल ठेवताच तिथल्या लोकांनी तिला स्त्री म्हणून ओळखले, असे कप्तान लिहितो. कोमेर्सों मॉरिशसला मरण पावला. तिने तिथेच एका फ्रेंच शिपायाशी लग्न केले आणि १७७५ च्या सुमारास ती फ्रान्सला परतली. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात स्त्री ती हीच. १७८५ साली नौदलाने तिला वर्षाला दोनशे लिव्ह्रची नेमणूक बांधून दिली, हे त्या सरकारच्या पदरचे पुण्य म्हटले पाहिजे. पण हजारो वनस्पतींच्या त्या संग्रहात तिच्या नावाची एकही वनस्पती तेव्हा राहिली नाही, आणि धोतऱ्या-वांग्याच्या कुळातल्या एका वनस्पतीला बारेचे नाव मिळायला २०१२ साल उजाडावे लागले.

त्याच शतकातली दुसरी जान आपल्या इतिहासाला येऊन भिडते. पाँडिचेरीत १७०६ साली, फ्रेंच कंपनीच्या शस्त्रवैद्याच्या घरी, ही मुलगी जन्मली. आईच्या बाजूने पोर्तुगीज व हिंदी रक्ताचा वारसा. तेराव्या वर्षी कंपनीतल्या व्हँसांशी तिचे लग्न झाले, १७३९ साली वैधव्य आले, आणि १७४१ साली चंद्रनगरात तिने कंपनीचाच अधिकारी डुप्ले याच्याशी विवाह केला. पुढच्या वर्षाच्या आरंभी डुप्ले गव्हर्नर होऊन पाँडिचेरीला आला तेव्हा कर्नाटकाची घडी विसकटलेली होती. १७४० च्या मे महिन्यात रघूजी भोसल्यांच्या फौजेने दमलचेरीच्या खिंडीत नबाब दोस्तअलीला मारले होते, नबाबाच्या घराण्यातल्या बेगमा व नबाबाचा जावई चंदासाहेब याचे कुटुंब पाँडिचेरीच्या आश्रयाला येऊन राहिले होते, रघूजींनी त्यांची मागणी केली असता त्या वेळचा गव्हर्नर द्युमा याने ती साफ नाकारली होती, आणि त्रिचनापल्ली पडल्यावर खुद्द चंदासाहेब साताऱ्याच्या कैदेत जाऊन पडला होता. पाँडिचेरीतला जनाना आणि साताऱ्यातला कैदी, यांच्या दरम्यान जे राजकारण शिजत होते त्याच्या ऐन मध्यावर ही बाई आली.

तिला तमिळ बोली लहानपणापासून अवगत होती, आणि देशी दरबारांशी चाललेल्या पत्रव्यवहारात, हेरांच्या बातम्या गोळा करण्यात व त्या नवऱ्याच्या कानी घालण्यात तिचा हात होता. देशी लोक तिला जान बेगम म्हणत. मुरारराव घोरपड्यांसारखे सरदार आज एका पक्षाला तर उद्या दुसऱ्याला आपले घोडदळ देत होते अशा त्या युद्धात, बातमीची किंमत तोफखान्याइतकी होती. ती किंमत तिने ओळखली.

आणि तरीही तिचे चरित्र आपल्याला मिळते ते मुख्यतः आनंद रंग पिळ्ळै या दुभाषाच्या तमिळ रोजनिशीतून. १७३६ पासून १७६१ पर्यंत, मरेपर्यंत, ह्या माणसाने लिहिलेली ही रोजनिशी म्हणजे अठराव्या शतकातल्या दक्षिणेच्या इतिहासाचे अपूर्व साधन आहे, आणि तिच्यातली मॅडम डुप्ले लोभी, कारस्थानी, लाचखाऊ आणि देवाधर्माची वैरीण आहे. १७४८ च्या सप्टेंबरात इंग्रजांचा वेढा पडलेला असताना पाँडिचेरीतले वेदपुरीश्वराचे मंदिर पाडण्यात आले, त्याचा ठपका पिळ्ळै तिच्यावर आणि जेझुइट पाद्र्यांवर ठेवतो. ते कृत्य निंद्य होते, आणि तिचा त्यातला वाटा नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु डुप्ले व त्याचे कौन्सिल यांच्या संमतीवाचून ते घडणे शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. पिळ्ळै हा मुख्य दुभाषाच्या जागेवर होता आणि ती जागा आपल्या माणसाला मिळावी म्हणून ती खटपटीत असे. तेव्हा दरबारातल्या प्रतिस्पर्ध्याची ही जबानी आहे हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. १७५४ साली डुप्लेला परत बोलावण्यात आले आणि दोन वर्षांनी, डिसेंबर १७५६ मध्ये, पॅरिसमध्ये ती वारली. आमच्या इतिहासकारांनी डुप्लेच्या मुत्सद्देगिरीचे वर्णन पुष्कळ केले आहे. ज्या बाईच्या जिभेवर ही भूमी होती तिच्या वाट्याला त्या मानाने चार ओळीही आलेल्या नाहीत.

शंभर वर्षांचे युद्ध फिरवण्यासाठी दोम्रेमीची जान ज्या किल्लेदाराकडे शिबंदी मागायला गेली, त्याचे ठाणे व्होकुलर. त्याच व्होकुलर गावच्या वहीत १९ ऑगस्ट १७४३ या तारखेला आन बेक्यू नावाच्या शिवणकाम करणाऱ्या अविवाहित बाईच्या मुलीची नोंद आहे, आणि त्या मुलीचे नाव जान. पंधराव्या लुईची ही भावी प्रेयसी दरबारात रुजू व्हायची, तर तिला सरदारकुळातला नवरा हवा. म्हणून १७६८ साली द्यु बारी घराण्यातल्या एकाशी तिचे लग्न लावून दिले आणि त्या लग्नासाठी जन्माचा खोटा दाखला तयार करण्यात आला, ज्यात तिचे वय तीन वर्षांनी कमी झाले आणि नसलेला बाप लाभला. राज्यक्रांतीत तिला अटक झाली. बंगालातून लहानपणी आणून तिच्या वाड्यात नोकर म्हणून वाढवलेला झामोर न्यायासनापुढे तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला, आणि आपला जन्म चितगावचा असे त्याने तिथे सांगितले. परक्या मुलाला शोभेची वस्तू म्हणून बाळगणाऱ्या त्या दरबाराबद्दल झामोरच्या मनात जो क्षोभ साठला असेल तो समजण्यासारखा आहे. ८ डिसेंबर १७९३ रोजी तिचा शिरच्छेद झाला; बरोबर एक महिना आधी मादाम रोलां, जन्मनाव मारी-जान फ्लिपों, त्याच यंत्राखाली गेली होती.

क्रांतीने वह्या पाद्र्यांच्या हातून काढून सप्टेंबर १७९२ मध्ये नगरपालिकांच्या हवाली केल्या, आणि १७९४ साली असाही कायदा केला, की जन्माच्या दाखल्यावर जे नाव असेल त्याशिवाय दुसरे नाव कोणी धारण करू नये. १८०३ च्या कायद्याने पंचांगात चालू असलेली किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावेच ठेवता येतील असे बंधन घातले आणि ते १९९३ पर्यंत पुस्तकात राहिले. फ्रेंच स्त्री समाजात नवऱ्याच्या नावाने ओळखली गेली तरी कायद्याच्या दप्तरात तिचे जन्मनाव मरेपर्यंत टिके. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी तांदळांत नवे नाव लिहिले की जुने नाव संपत असे. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघीही माहेरी यमुनाच होत्या, हे आज किती जणांना आठवते?

जान दरोआँ या पॅरिसच्या शिवणकामगार स्त्रीने हे जन्मनाव आग्रहाने राखले. लग्न झाल्यावरही ती स्वतःच्याच नावाने लिहीत राहिली, पुढे शिक्षिका झाली, आणि १८४९ साली, स्त्रियांना मताचाही अधिकार नसताना, विधिमंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली. प्रुदोंसारख्या समाजवाद्याने तिच्या उमेदवारीचा निषेध केला. कामगारसंघांचे एक महामंडळ स्थापण्याची योजना तिने तयार केली होती. १८५० साली तिला पकडले तेव्हा सोबत्यांनी तिला गळ घातली, की त्या योजनेची कर्ती आपण असल्याचे न्यायालयात कबूल करू नये, कारण पुरुषांच्या संघटनेचा मसुदा एका बाईने लिहिला हे लोकांना रुचणार नाही. चळवळीच्या हितासाठी तिने ते ऐकले. कारकुनाने बदललेल्या उत्तरांपेक्षाही हा प्रसंग मला अधिक लागतो. येथे लेखणी प्रथमच एका जानच्या हाती होती, आणि तिच्याच पक्षातल्या माणसांनी सही झाकायला सांगितली. सहा महिन्यांचा तुरुंगवास सोसून ती पुढे लंडनला गेली आणि १८९४ साली तिथेच वारली.

तिच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे जान शोव्हँ हिने पॅरिसला कायद्याची डॉक्टर पदवी घेतली होती, आणि प्रबंधाचा विषय होता स्त्रियांना मोकळे असलेले व्यवसाय. १८९७ च्या नोव्हेंबरात वकिलीची शपथ घ्यायला ती न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी तिला परत पाठवले. तीन वर्षे ती स्वस्थ बसली नाही. १ डिसेंबर १९०० रोजी स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला, ओल्गा पेती हिने प्रथम शपथ घेतली आणि त्याच महिन्यात शोव्हँनेही. रूआँच्या न्यायासनापुढे वकिलावाचून उभ्या राहिलेल्या मुलीच्या नावाची स्त्री ४६९ वर्षांनी न्यायालयात काळा झगा घालून युक्तिवाद करू लागली.

त्या रूआँच्या खटल्याचे सगळे कागद किशेरा नावाच्या संशोधकाने १८४१ ते १८४९ या काळात पाच खंडांत छापून काढले होते, आणि त्यामुळे जान दार्क ही सगळ्या पक्षांची झाली: राजनिष्ठांची, धर्मनिष्ठांची आणि प्रजासत्ताकवाद्यांचीही. १९२० साली पोपने तिला संतपद दिले व त्याच वर्षी फ्रेंच संसदेने मे महिन्यातला दुसरा रविवार तिच्या नावे राष्ट्रीय सण ठरवला. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या फ्रेंच मुलींत मारीनंतर सर्वाधिक आढळणारे नाव जान हेच होते. पुढे ते आजीबाईंचे नाव म्हणून मागे पडले. अलीकडे पुन्हा पाळण्यांत परतले आहे.

आर्लमधली जान काल्मां २१ फेब्रुवारी १८७५ रोजी जन्मली आणि ४ ऑगस्ट १९९७ रोजी वारली. १२२ वर्षे आणि १६४ दिवसांचे हे आयुष्य माणसाच्या आयुर्मर्यादेचा आजवरचा उच्चांक मानले जाते. इतक्या वयावर कोणी सहजी विश्वास ठेवीना, म्हणून तपासनीसांनी आर्लच्या नगरपालिकेतला जन्माचा दाखला काढला, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद काढली, लग्नाचा कागद काढला, आणि ठरावीक वर्षांनी होणाऱ्या प्रत्येक शिरगणतीत ती कोणत्या घरी, कोणाबरोबर आणि किती वयाची म्हणून नोंदली गेली आहे ते एकामागून एक पडताळून पाहिले. पुढे काही अभ्यासकांनी शंका उपस्थित केली, तेव्हा पुन्हा तीच दप्तरे उघडली गेली आणि आर्लच्या शिरगणतीच्या याद्यांत जान काल्मां आपल्या जागी सापडली.